वाघसिंहांचे उस्ताद दामू धोत्रे

परभणी शहरात दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. हिंदू, मुसलमान सारेच लोक उरुसाला येतात. दर्ग्यावर चादर चढवून झाली, की मुले बाजाराकडे धावतात. तेथे उंच आकाशपाळणे असतात, ‘मौत का कुआँ’ असतो, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने असतात. पाळण्यातून खाली पाहताना एखाद्या मुलाला वाटते, आपणही असेच खेळ करावेत, देशोदेशी फिरावे. दूर अमेरिकेत डिस्नेलँडसारखी मोठमोठी खेळांची उद्याने आहेत, असे ते ऐकते. तेथे काम करायला मिळाले तर किती बरे होईल, असे त्याच्या मनात येते.

मोठी माणसे अशा स्वप्नांना हसतात. पण हसण्याचे कारण नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातील एका गरीब मुलाने असेच स्वप्न मनात जपले आणि खरे करून दाखवले. त्या वेळी डिस्नेलँड नव्हते. ते १९५५ साली सुरू झाले. त्या काळी लोकांच्या करमणुकीचे सर्वांत मोठे साधन म्हणजे सर्कस. या मुलाला सर्कशीतच आपले नशीब सापडले. त्याचे नाव दामू गंगाराम धोत्रे.

दामूचा जन्म १९०२ साली पुणे शहरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पण त्याच्या मामांची स्वतःची सर्कस होती. मामांचे नाव तुकाराम गणपत शेलार. त्यांच्या सर्कशीला ‘शेलार रॉयल सर्कस’ म्हणत.

सर्कस महाराष्ट्रात कशी आली, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८७९ साली कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. तिचे खेळ विष्णुपंत छत्रे यांनी पाहिले. विष्णुपंत हे सांगली भागातील अंकलखोप गावचे. घोड्यावर बसण्याच्या कलेत ते तरबेज होते. परदेशी माणसे हे करतात, तर आपण का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. १८८० साली त्यांनी मुंबईतच आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. ती भारतीय माणसाने काढलेली पहिली आधुनिक सर्कस. विष्णुपंतांना गाण्याचाही फार नाद होता. ग्वाल्हेरचे थोर गवई उस्ताद हद्दूखाँ यांच्याकडे ते गाणे शिकले होते. पुढे आपल्या उस्तादांचे पुत्र रहिमतखाँ यांना हलाखीचे दिवस आले, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन सांभाळले. शागिर्दाने उस्तादाचे ऋण असे फेडले.

विष्णुपंतांच्या मागोमाग महाराष्ट्रात देवल, कार्लेकर अशा अनेक सर्कशी निघाल्या. शेलारांची सर्कस ही याच परंपरेतली. दामू वयाच्या दहाव्या वर्षी, म्हणजे १९१२ च्या सुमारास, मामांच्या सर्कशीत दाखल झाला.

सर्कशीचा तंबू बाहेरून सुंदर दिसतो. आतले जीवन मात्र कष्टाचे असते. सर्कशीतल्या मुलांना पहाटे उठावे लागते. रोज व्यायाम, उड्या आणि तोल सांभाळण्याचा सराव करावा लागतो. एक खेळ नीट जमायला महिने लागतात. शिवाय पडेल ते काम करावे लागते. आज या गावात मुक्काम, तर आठ दिवसांनी दुसऱ्या गावात. अशा फिरत्या जीवनात शाळा कुठून मिळणार? दामूच्या वाट्याला शाळेतले शिक्षण फारसे आले नाही. त्याची शाळा तंबूत भरत असे. तेथे पुस्तके नव्हती, पण परीक्षा रोज होती आणि नापास होणाऱ्याचे हाड मोडत असे.

दामू अंगाने लहानखुरा, पण चपळ होता. सायकलवरच्या कसरतींत तो लवकरच पटाईत झाला. पण त्याचे खरे लक्ष होते पिंजऱ्यांकडे. वाघ, सिंह, बिबटे काय करतात, कधी रागावतात, कधी शांत होतात, हे तो पाहत राही. हळूहळू तो जनावरे शिकवण्याचे काम शिकला. पुढे मामांची सर्कस सोडून त्याने इसाको यांच्या सर्कशीत काम केले. तेथे जंगली जनावरांचा शिक्षक म्हणून त्याचे नाव झाले. आता लोक त्यांना दामू धोत्रे या पूर्ण नावाने ओळखू लागले.

वाघाला शिकवायचे म्हणजे काय करायचे? पुष्कळांना वाटते, की चाबकाने मारले म्हणजे जनावर ऐकते. हे खरे नाही. मार खाल्लेले जनावर भिते आणि भ्यालेले जनावर केव्हा उलटेल याचा नेम नसतो. चांगला शिक्षक आधी जनावराचा स्वभाव ओळखतो. प्रत्येक वाघाचा स्वभाव वेगळा असतो. एक आळशी असतो, एक चिडका असतो, एक खेळकर असतो. शिक्षक पहिले काही दिवस पिंजऱ्याबाहेर बसून त्याला आपला आवाज आणि आपला वास ओळखीचा करून देतो. मग त्याला बसण्यासाठी एक ठरावीक स्टूल देतो. वाघ स्टुलावर चढला, की काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा त्याला मिळतो. चढले की खाऊ मिळतो, हे जनावराच्या ध्यानात येते.

यात आणखी एक गुपित आहे. प्रत्येक जंगली जनावराच्या भोवती एक न दिसणारी रेघ असते असे समजा. माणूस त्या रेघेच्या आत आला, तर जनावर मागे सरते. फार जवळ आला आणि मागे सरायला जागा उरली नाही, तर ते अंगावर धावते. माणूस एक पाऊल मागे आला, की ते पुन्हा थांबते. ही रेघ प्रत्येक जनावराची वेगळी असते, आणि त्याच जनावराची आज एका जागी तर उद्या दुसऱ्या जागी असते. शिक्षकाला ती डोळ्यांनी नव्हे, तर अनुभवाने ओळखावी लागते. तेथे एका पावलाची चूक जिवावर बेतू शकते. दामू धोत्रे यांची सारी कला या एका पावलात होती.

सर्कशीतल्या माणसांना परदेशातील मोठ्या सर्कशींबद्दल फार कुतूहल असे. त्या काळी जगातील सर्वांत मोठी सर्कस अमेरिकेत होती. तिचे नाव ‘रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली’. रिंगलिंग नावाच्या भावांनी १८८४ साली एक लहानशी सर्कस सुरू केली होती. १९०७ साली त्यांनी बार्नम आणि बेली यांची प्रसिद्ध सर्कस विकत घेतली आणि १९१९ साली दोन्ही सर्कशी एक केल्या. या सर्कशीच्या तंबूत एका वेळी हजारो माणसे बसत. सर्कस गावोगाव नेण्यासाठी तिच्या स्वतःच्या आगगाड्या होत्या. आपल्याकडे सर्कशीत एकच रिंगण असते. तेथे एका वेळी तीन रिंगणांत खेळ चालत. अशा ठिकाणी काम मिळणे हे सर्कशीच्या कलावंताला मोठे भाग्य वाटे. पण पुण्याच्या एका गरीब घरातल्या, इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाला तेथे कोण बोलावणार?

दामू धोत्रे यांना बोलावणे आले, ते त्यांच्या कामामुळे. त्या काळी युरोपात आल्फ्रेड कोर्ट नावाचे जनावरांचे प्रख्यात शिक्षक होते. ते फ्रान्समधील मार्सेय शहरचे. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि कुत्रे अशी एकमेकांशी न पटणारी जनावरे एकाच पिंजऱ्यात एकत्र बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. १९३९ साली दामू धोत्रे फ्रान्सला गेले आणि कोर्ट यांच्या हाताखाली काम करू लागले.

या निर्णयाचा थोडा विचार करा. धोत्रे तेव्हा सदतीस वर्षांचे होते. आपल्या देशात त्यांचे नाव झाले होते. पोटापुरती कमाई होती. मुंबईहून युरोपला जायचे, तर सुवेझ कालव्यातून बोटीने दोन आठवड्यांचा प्रवास करावा लागे. तिकडची भाषा वेगळी, जेवण वेगळे, थंडी कडाक्याची. तिकडची जनावरेही ओळखीची नव्हती. मराठी-हिंदीत हाक मारलेली त्यांना कळणार नव्हती. आपल्या गावात उस्ताद म्हणवून घेणाऱ्या माणसाला तेथे पुन्हा शागिर्द व्हायचे होते. पुष्कळ माणसांचे स्वप्न याच उंबरठ्यावर अडते. जाण्याची इच्छा असते, पण पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याची तयारी नसते. धोत्रे यांची ती तयारी होती.

त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले. लढाईच्या दिवसांत सर्कस कोण पाहणार? आणि वाघसिंहांना रोज लागणारे मांस कुठून आणणार? माणसांनाच अन्न पुरेना. अशा वेळी अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीने आल्फ्रेड कोर्ट यांना त्यांच्या जनावरांसह बोलावून घेतले. कोर्ट यांच्याबरोबर दामू धोत्रेही निघाले. अटलांटिक महासागरात तेव्हा जर्मनीच्या पाणबुड्या फिरत होत्या. त्या समुद्रातून माणसे आणि जनावरे पलीकडे गेली. थोड्याच महिन्यांनी, जून १९४० मध्ये, जर्मन सैन्य पॅरिस शहरात शिरले.

अशा रीतीने १९४० साली दामू धोत्रे रिंगलिंग सर्कशीच्या रिंगणात उभे राहिले. ज्या सर्कशीची नुसती गोष्ट ऐकायची, तिच्या रिंगणात ते आता स्वतः खेळ करू लागले. डोक्याला फेटा, अंग उघडे आणि हातात लहानशी काठी, अशा वेशात ते बिबट्यांच्या पिंजऱ्यात शिरत. काळा बिबट्या हे तर फार संशयी जनावर. तोही त्यांच्या आज्ञेत वागे. बिबट्याला खांद्यावर घेतलेला हा लहानखुरा भारतीय माणूस पाहून प्रेक्षक श्वास रोखून बसत. सर्कशीच्या जाहिरातींत त्यांचे नाव झळकू लागले.

पण स्वप्नातल्या देशातही सारे गोड नसते. त्या काळी अमेरिकेचे कायदे भारतीयांना अनुकूल नव्हते. १९१७ सालच्या कायद्याने भारतीयांना तेथे जाऊन स्थायिक होण्यास बंदी घातली होती. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणसाला नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला होता. ही दारे १९४६ साली थोडी उघडली. म्हणजे ज्या देशात हजारो लोक त्यांच्या खेळाला टाळ्या वाजवत, त्या देशात त्यांच्या देशबांधवांना घर करायला मात्र परवानगी नव्हती. तरीही धोत्रे यांनी आपले काम चोख केले. महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरीही केली.

सर्कशीचे काम किती धोक्याचे असते, हे त्याच युद्धकाळात जगाला दिसले. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड नावाच्या शहरात रिंगलिंग सर्कशीच्या मोठ्या तंबूला आग लागली. पाणी आत येऊ नये म्हणून तंबूच्या कापडाला मेण आणि पेट्रोल यांचे मिश्रण लावलेले होते. त्यामुळे काही मिनिटांत सारा तंबू पेटला. दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्या वेळी मे कोव्हार नावाची शिक्षिका बिबट्यांसह पिंजऱ्यात होती. आग दिसत असतानाही ती आपल्या जनावरांना बाहेर काढेपर्यंत जागेवरून हलली नाही. टाळ्यांच्या मागे कसली जबाबदारी असते, ते या प्रसंगावरून कळते.

युद्ध संपल्यावर धोत्रे पुन्हा रिंगलिंग सर्कशीत आले आणि आणखी काही वर्षे त्यांनी तेथे खेळ केले. नंतर काही काळ ते युरोपातही होते. पुढे प्रकृती साथ देईना. वाघाच्या पिंजऱ्यात उभे राहायचे, तर शरीर आणि मन दोन्ही तल्लख लागते. थकलेला माणूस वाघाला आधी कळतो आणि माणसांना मागून. हे ओळखून त्यांनी वेळीच रिंगण सोडले. परदेशात नाव मिळवलेले दामू धोत्रे आपल्या पुण्याला परत आले. १९६१ साली त्यांच्या जीवनावरचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मराठीत त्यांची कहाणी भानू शिरधनकर यांनी ‘वाघसिंह माझे सखेसोबती’ या पुस्तकात लिहिली. १९७३ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

दामू धोत्रे यांच्या नंतर काळ बदलला. जंगली जनावरांना पिंजऱ्यात ठेवून खेळ करायला लावणे योग्य आहे का, असा प्रश्न लोक विचारू लागले. वाघाला रान हवे असते. लहान पिंजऱ्यात आणि आगगाडीच्या डब्यात जन्म काढणे हे त्याच्या वाट्याला यायला नको. शिवाय सगळेच शिक्षक धोत्रे यांच्यासारखे समजूतदार नव्हते. काही ठिकाणी जनावरांचे फार हाल होत. म्हणून भारत सरकारने १९९८ साली वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ करण्यास बंदी केली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली. अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीने २०१६ साली हत्तींचे खेळ थांबवले आणि २०१७ साली ती सर्कसच बंद पडली. २०२३ साली ती पुन्हा सुरू झाली, पण आता तिच्यात एकही जनावर नाही. केवळ माणसांच्या कसरतींवर ती चालते.

मग दामू धोत्रे यांच्या आयुष्यातून आज आपण काय घ्यावे? त्यांचे वाघ घ्यायचे नाहीत. त्यांचा सराव आणि धीर घ्यायचा. परदेशी जाण्याचे स्वप्न पुष्कळांना पडते. पण धोत्रे यांनी आधी सत्तावीस वर्षे आपल्या देशात काम केले. सायकल चालवताना त्यांनी सायकल नीट चालवली. पिंजरा मिळाला तेव्हा पिंजऱ्यातले काम नीट केले. परदेशचे दार उघडले, तेव्हा त्यांच्या हातात कला तयार होती. दार आधी उघडले असते आणि हात रिकामे असते, तर आत जाऊन त्यांनी काय केले असते?

दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी आपल्या कामाला कमी लेखले नाही. सर्कशीतल्या माणसाला त्या काळी समाजात मान कमी होता. मुलगा सर्कशीत गेला, म्हणजे वाया गेला असे लोक समजत. परंतु कोणतेही काम हलके नसते. ते करणारा माणूस त्याला मोठे करतो. आकाशपाळण्याचे यंत्र दुरुस्त करणारा कारागीर असो, शाळेतला शिपाई असो, की परदेशातील उद्यानात नोकरी करणारा तरुण असो, आपल्या कामात जो उस्ताद होतो, त्याला मान मिळतो.

पुण्याच्या एका गरीब मुलाने मनात स्वप्न धरले. त्याने ते सत्तावीस वर्षे सांभाळले, आणि वाघासारखेच धीराने, न मारता, न घाबरता आपलेसे केले.

स्वाध्याय

१. दामू धोत्रे यांचा जन्म केव्हा व कोठे झाला?
२. विष्णुपंत छत्रे यांनी आपल्या उस्तादांचे ऋण कसे फेडले?
३. जनावराला मारून शिकवणे का चुकीचे आहे?
४. फ्रान्सला जाताना दामू धोत्रे यांच्यापुढे कोणत्या अडचणी होत्या?
५. सर्कशीतील जंगली जनावरांच्या खेळांवर बंदी का आली? तुमचे मत पाच वाक्यांत लिहा.
६. उस्ताद, शागिर्द हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.